न टोचलेल्या बोटाचा रक्तगट

त्या वर्षी मी कळंबला एका संस्थेच्या ऑफिसात टायपिंग करत होते. डोंगराकडच्या गावांत झालेल्या आरोग्य शिबिराचे फॉर्म मी कॉम्प्युटरवर चढवले आणि पुण्याच्या एका सरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून सगळ्यांची कार्डं छापली. आठवड्याभरात सात महिन्यांची गरोदर असलेली एक बाई कार्ड घेऊन दारात उभी.

"ताई, सुई बघून मी पळाले व्हते. माझं रगात कुणी घेतलंच न्हाई. मग ह्यो 'बी पॉझिटिव्ह' गट कुणाचा?"

तिचा फॉर्म काढला. रक्तगटाची जागा कोरी. कॉम्प्युटरवरही कोरीच. आमच्या साहेबांनी सरांना फोन लावला.

"टायपिंगची चूक असणार," सर म्हणाले. "मशीन मनानं गट लावत नाही."

साहेबांनी माझ्यापुढे कागद सरकवला. "चूक झाली म्हणून लिहून द्या, विषय संपला."

"माझी चूक नाही. लिहिणार नाही."

प्रोग्रॅम ब्राउजरमध्ये चालायचा, त्यामुळे त्याचा जावास्क्रिप्ट कोड उघडून बघता यायचा. माझा सहा महिन्यांचा कोर्स झालेला, तेवढ्यावर दोन दिवस वाचत बसले. एकेका माणसाचं कार्ड बनवायला प्रोग्रॅम एक फेरी मारायचा, आणि दर फेरीला गटाचं व्हेरिएबल, म्हणजे गट ठेवायचा कप्पा, नव्यानं जाहीर केलेलं. म्हणजे ते दर वेळी कोरं होत असेल, असं मलाही वाटलं. तरी तीन खोटी नावं घातली: पहिलं गटाशिवाय, दुसरं ए निगेटिव्ह, तिसरं गटाशिवाय. पहिल्या कार्डावर चक्क 'अनडिफाइन्ड', म्हणजे कप्प्यात अजून काहीच नाही, असं छापून आलं. तिसऱ्यावर ए निगेटिव्ह!

मी स्वतःच फोन लावला. "सर, व्हेरिएबल पुन्हा जाहीर केलं तरी ते पुसलं जात नाही. आधीच्या माणसाचा गट तसाच राहतो."

"असं होत नसतं, मॅडम."

"तीन नावं घालून बघा. मी फोन धरते."

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला आणि थांबला. सर म्हणाले, "ही भाषाच तशी आहे हो."

"मग माफीनामा भाषेकडून घ्या."

त्यांनी एकच ओळ बदलली. फेरीच्या सुरुवातीला व्हेरिएबलमध्ये रिकामी किंमत टाकली. चुकीची कार्डं मात्र मी शिबिराच्या नर्सबाईंबरोबर जीपनं वस्तीवस्तीवर फिरून परत घेतली. त्या बाईनं या वेळी डोळे गच्च मिटून बोट पुढे केलं. गट निघाला ओ निगेटिव्ह. "बाळंतपणात कार्ड बघून हिला बी पॉझिटिव्ह रक्त चढवलं असतं, तर जिवावर बेतलं असतं," नर्सबाई म्हणाल्या.

साहेबांनी माझ्या फाइलवर 'उद्धट' असा शेरा मारला आणि वाचून सही करायला सांगितली. ती मी ठळक अक्षरात केली.