हुल्डाने काढलेला नकाशा

आमच्या नॉर्डबीत घरं अकरा. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या सपाट माळावर रेल्वेने आठ-आठ मैलांवर स्टेशनं ठोकली, त्यातलं एक इथे पडलं, म्हणून गाव. धान्याचं लाल कोठार, नॉर्वेहून आलेल्यांचं लाकडी चर्च आणि हुल्डा ट्वेटचं पोस्ट, एवढ्यात गाव संपतं.

हुल्डा सत्तावीस वर्षं टपालखिडकीत बसत होती. कोणाचं शेत कुठे सुरू होतं, कोणती विहीर खारी, तिला सगळं तोंडपाठ. म्हणून १९५५ साली गावाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा इतिहासाचं पुस्तक लिहायचं आणि नकाशा काढायचं काम तिच्याकडेच आलं. ती लिहायची, मी टाईप करायचे.

तळ्यापलीकडे, रस्त्यासाठी सोडलेल्या सरकारी पट्टीवर, मेती लोकांची, म्हणजे इथले आदिवासी आणि फ्रेंच अशा मिश्र वंशाच्या माणसांची, चार घरं होती. रेल्वेच्याही आधीची. त्यातल्या फिलोमेन डुमेने निम्म्या गावाची बाळंतपणं केली होती. हुल्डाच्या दोन्ही मुलींची नाळ तिनेच कापली होती.

हुल्डाने नकाशात ती घरं पेन्सिलीने काढली होती. समितीचा प्रमुख तोरलीफ हॉगन नकाशावर वाकला.

"हे काय? जमिनीचे कागद नाहीत त्यांना गावात कसं धरायचं?"

"राहतात तर खरे," हुल्डा म्हणाली.

"तळ्यावर बदकंही राहतात. तीही काढणार का?"

सगळे हसले. मीही हसले. हुल्डाने खोडरबर उचललं.

जुलैत सोहळा झाला, नकाशासकट छापलेलं पुस्तक घरोघर गेलं. सभागृहात मोठा नकाशा टांगला होता. फिलोमेन बॅनॉकच्या जाड भाकऱ्यांची टोपली घेऊन आली आणि नकाशापुढे उभी राहिली. तिचं बोट चर्चवरून रुळांवर आलं, रुळांवरून तळ्यापाशी. तळ्याभोवती दोनदा फिरलं आणि थांबलं.

"तळं छान जमलंय, हुल्डा," ती म्हणाली. टोपली टेबलावर ठेवून निघून गेली.

तिसऱ्या दिवशी हुल्डा माझ्या दारात. "गाडी काढ. मला एकटीने जाववत नाही."

फिलोमेन अंगणात बदक सोलत होती. बसा म्हणाली नाही.

"चुकलं माझं," हुल्डा म्हणाली.

"विसरलीस का?"

मला वाटलं, आता ही हो म्हणेल.

"नाही. काढली होती. मग खोडली."

फिलोमेनचे हात थांबले. "विसरली असतीस तर चहा पाजला असता तुला. वय झालं बाईचं, म्हटलं असतं."



मग हुल्डा शाई घेऊन घरोघर फिरली, लोकांच्या पुस्तकात ती चार घरं काढत. "डोकं फिरलं का गं तुझं?" म्हणत काहींनी पुस्तक पुढे केलं. तोरलीफने दारच लावून घेतलं. माझ्याकडे आली तेव्हा तिने दौत माझ्यापुढे सरकवली. "तू काढ. नावंही लिही."

चौकोन काढले. नाव मला एकच येत होतं. बाकीच्या तीन घरांतल्या बायका रस्त्यात दिसल्या की मी वीस वर्षं नुसती मान हलवत आले होते.

त्याच शरदात पट्टीवर रस्ता करायचा हुकूम निघाला आणि चारही घरं उठली. फिलोमेन लेकीकडे शहरात गेली. आम्हाला सांगायला कोणी आलं नाही, का यावं? हुल्डाने तिला तीन पत्रं लिहिली. वर्षभराने उत्तर आलं. टपालाला आलेली माणसं ताटकळत उभी होती आणि हुल्डा खिडकीत बसून ते पुन्हा पुन्हा वाचत होती. माफीचा शब्द नव्हता. चारी घरांतल्या माणसांची नावं होती, कोण कधी जन्मलं, कोण कुठे पुरलंय. खाली एक ओळ: "लिहायचंच असेल तर नीट लिही."

ते पान मी टाईप केलं. एकोणीस नावं. सातव्या नावाला चूक झाली, म्हणून कागद काढून पुन्हा पहिल्यापासून बसले.