छत्तीस ग्रॅमचं घड्याळ आणि चारशे मीटरचं मैदान

अकरा जानेवारी, रविवार. घड्याळाची किंमत चार हजार आठशे रुपये. निम्मे, म्हणजे दोन हजार चारशे, रोख दिले. उरलेले निम्मे पंधरा दिवसांनी, घड्याळाचे आकडे जुळले तर. हजर होतो मी, माझी मुलगी आणि नवी पेठेतला दुकानदार. असा सौदा आपण कुणाशीच करत नाही, हे त्यानं तीनदा सांगितलं. माझ्याशी केला, कारण त्याच्या वडिलांच्या प्लॉटची मोजणी मी केली होती आणि तेव्हा त्यांच्या घरचा चहासुद्धा घेतला नव्हता.

मी मोजणी खात्यात आहे. सव्वीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजतो. घरी कुणी पाव किलो मिरची आणली तरी माझी नजर आधी काट्याकडे जाते, हे माझी बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते.

घड्याळ दोघांसाठी होतं. डॉक्टरांनी मला गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं होतं. पण खरी गरज मुलीची होती. ती पोलीस भरतीची तयारी करत होती आणि मागच्या वेळी एका गुणानं राहिली होती. मुलींना आठशे मीटर पळायचं असतं. दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आलं तर पूर्ण गुण, नाहीतर गुण उतरतात. मैदानी परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी होती. तिला रोज स्वतःची वेळ आणि अंतर कळावं, हातावर ओझं होऊ नये, म्हणून हे हलकं घड्याळ.

खोक्यावर वजन छत्तीस ग्रॅम लिहिलं होतं. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवलं. छत्तीस ग्रॅम, वर दोनशे मिलिग्रॅम.

"घट किती धरू, साहेब?" जुनं सोनं मोडायला आणल्यासारखं सराफानं विचारलं.  वजन खरं निघालं, तेवढं वहीत लिहिलं.

मग पाणी. आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर पोहण्याचा एक खासगी तलाव आहे. तिथं पहाटे सहाला जायचो. आत शिरताना पाय बुडवायचं जे कुंड आहे, त्यातलं पाणी शेवाळलेलं असायचं. पाय स्वच्छ व्हावेत म्हणून ते बांधलेलं, आणि मी त्यावरून उडी मारून जायचो. तलावाच्या कडेला पन्हळ असते, त्यात एक गृहस्थ पोहता पोहता येऊन थुंकायचे. रोज. खाकरून. त्यांना एकदा म्हणालो, "अहो, हेच पाणी तोंडात जातं ना?" तर म्हणाले, "पन्हळ कशाला ठेवलीय मग?" पाण्यावर केस तरंगायचे, एकदा जखमेवरची पट्टी तरंगत माझ्या खांद्याला चिकटली. ती काढून टाकताना जे वाटलं ते अजून बोटांत आहे. पण चाचणी अर्धवट सोडायची माझी रीत नाही.

तलाव पंचवीस मीटरचा, असं भिंतीवर रंगवलेलं. मी कडेच्या फरश्या मोजल्या. एक फुटी फरशी, ब्याऐंशी भरल्या. म्हणजे पंचवीस मीटर. मग दोन्ही टोकांना दहा-दहा चिंचोके ठेवले आणि दर फेरीला एक चिंचोका डावीकडून उजवीकडे सरकवला. वीस झाले तेव्हा घड्याळ पाहिलं. वीस फेऱ्या, पाचशे मीटर. चार दिवस हेच केलं, चारही दिवस बरोबर.

"आधी जमिनी मोजायचात, आता पाणी मोजायला निघालात," बायको म्हणाली. "चिंचोके तरी माझ्या डब्यातले घेऊ नका."

आता मैदान. मुलीची अकॅडमी शहराबाहेर, वळसंगच्या रस्त्याला, भाड्यानं घेतलेल्या एका रानात आहे. चुन्याच्या फक्कीनं आखलेला लांबट गोल. एक फेरी चारशे मीटर, दोन फेऱ्या आठशे. चालवणारे सर मिशीला ताव देणारे, आवाजानं पन्नास पोरं हलवणारे. फाटकावर भला मोठा फ्लेक्स, त्यावर भरती झालेल्या पोरांचे फोटो आणि प्रत्येकाची वेळ.

पहिल्याच दिवशी मुलगी एक फेरी पळून आली आणि घड्याळ म्हणालं, तीनशे बहात्तर. दुसऱ्या फेरीला तीनशे एकाहत्तर. पुढचे तीन दिवस तेच, एखाद्या मीटरचा फरक. चारशेला अठ्ठावीस मीटर खोटं. मला संताप आला. आमच्या खात्यात एवढी चूक केली तर नोटीस येते. पालकांचा एक ग्रुप आहे, त्यावर मी लिहिलं, "हे घड्याळ कुणीही घेऊ नये. अंतर सात टक्के कमी दाखवतं." दोन पालक तेच घड्याळ घेणार होते, त्यांनी बेत रद्द केला आणि मला हात जोडलेली चित्रं पाठवली.

दुकानात गेलो. दुकानदारानं माझी वही शांतपणे वाचली.

"साहेब, घड्याळ छत्तीस ग्रॅमचं, आणि तक्रार छत्तीस किलोची आणलात की."

"आकडे बघा."

"आकडे बघितलो. पाण्यात बरोबर आहे म्हणताय तुम्हीच."

"पाण्यात बरोबर आहे. जमिनीवर खोटं आहे."

"मैदान चारशेचं आहे, हे कोण सांगितलं?"

"सरांनी. पन्नास पोरं पळतात तिथं."

त्यानं खांदे उडवले आणि घड्याळात एक सोय दाखवली. मैदानावर गोल पळायचं असेल तर एका फेरीचं अंतर आपण भरायचं, मग घड्याळ तेच धरून चालतं. मी तिथंच उभ्या उभ्या चारशे भरलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फेरी चारशे. मुलीचे आठशे मीटर दोन मिनिटं शेहेचाळीस सेकंदांत होऊ लागले. तिनं घरी पेढे आणले. पण पहिल्या चुकीबद्दल मी उरलेले पैसे अडवून ठेवले. पंधरा दिवस उलटले, महिना झाला. दुकानदाराचा फोन दोनदा आला, मी उचलला नाही.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, तिची मला किळस आहे तरी. त्या मैदानाच्या कडेला मी रोज अर्धा तास उभा राहत होतो. लांबी-रुंदी नजरेनं ओळखणं हा माझा धंदा आहे. पण माझा एक नियम आहे: अर्ज आल्याशिवाय फीत उघडायची नाही. गावाकडं गेलं की प्रत्येक जण म्हणतो, "आलाच हायसा तर जरा बांधावर फीत टाका की." एकदा टाकली की भाऊबंद एकमेकांच्या अंगावर जातात. म्हणून मी कुणाच्याही जागेला फुकट फीत लावत नाही, आणि त्या नियमाचा मला अभिमान होता. सरांच्या जागेला फीत लावणं मनातही आलं नाही. तलावाच्या फरश्या मोजणारा मी, मैदानाचा आकडा मात्र ऐकीव घेतला आणि स्वतःच्या बोटानं घड्याळात भरला.

फेब्रुवारीच्या मध्यावर मैदान लग्नासाठी दिलं होतं. तीन दिवस सराव बंद. मुलगी मैत्रिणीबरोबर हायवेच्या कडेनं पळाली, किलोमीटरच्या एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत. मैदान नव्हतं, म्हणून तिनं घड्याळ साध्या पळण्यावर ठेवलं होतं. संध्याकाळी जेवताना मी फोनवरची नोंद बघितली. एक किलोमीटर, शून्य शून्य.

मी घास खाली ठेवला. चारशेला अठ्ठावीस मीटर खाणारं घड्याळ हजाराला सत्तर खायला हवं होतं. नऊशे तीस दिसायला हवे होते. पाण्यात खरं, रस्त्यावर खरं, फक्त त्या एका रानात खोटं.

"पप्पा, काय झालं?" मुलीनं विचारलं.

"उद्या लवकर ऊठ. फीत धरायची आहे."

हार्डवेअरच्या दुकानातून तीस मीटरची नवी फीत आणली. सरकारी फीत खासगी कामाला वापरत नाही. सकाळी मैदानावर लग्नातली पत्रावळी, चुरगळलेले प्लास्टिकचे ग्लास, आणि उष्ट्या भातावर बसलेली कुत्री. आतल्या रेघेला धरून आम्ही फिरलो. वळणावर दर तीन मीटरला खुंटी. फितीचं एक टोक मुलीकडे, दुसरं माझ्याकडे. पहिली मोजणी तीनशे एकाहत्तर मीटर साठ. उलट दिशेनं दुसरी, तीनशे एकाहत्तर मीटर सत्तर.

तेवढ्यात सर आले.

"ओ साहेब, मैदान पळायला अस्तंय. मोजायला न्हाय."

"फेरी चारशेची नाही, सर."

"होती की. आधी चारशेच होती. मालकानं तिकडून गाळे काढले, मग रेघ आत घ्यावी लागली."

"कधी?"

"झाली की दोन वर्सं."

"मग मुलांना सांगितलं का नाही?"

"सांगून काय करू? टायमिंग चांगलं दिसलं की पोरं लई जोमात पळत्यात. जरा हुरूप पायजे की."

"आणि फ्लेक्सवरच्या वेळा?"

ते हसले. खरंच हसले. मग माझ्या हातातल्या फितीकडे बघून म्हणाले, "मला काय इचारताय? तुमी मोजणी खात्यातले. महिनाभर रोज हितं उभारत होता. तुमाला दिसलं न्हाय, आन् मी गुन्हेगार व्हय?"

त्या माणसाची घाण वाटली. त्याच्या मिशीची, त्याच्या हुरुपाची. तो म्हणाला ते खरं होतं, याची त्याहून जास्त वाटली.

मुलगी फितीचं टोक धरून तशीच उभी होती. "म्हणजे माझं दोन शेहेचाळीस नाही ना?"

मी वहीत गणित केलं. दोन फेऱ्या म्हणजे सातशे त्रेचाळीस मीटर. त्या वेगानं आठशे गाठायला दोन मिनिटं एकोणसाठ. वही तिच्यासमोर धरली. तोंडानं सांगवलं नाही.

ती रडली नाही. "पुढचे मीटर आखून द्या," एवढंच म्हणाली. दोन फेऱ्यांनंतर सत्तावन्न मीटरवर मी चुन्यानं रेघ मारली. ती पळाली. दोन एकोणसाठ. गणित बरोबर आल्याचं दुःख मला आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

हातात अकरा दिवस होते. अकरा दिवस ती त्याच रेघेपर्यंत पळाली. रोज सकाळी रेघ कुणीतरी पायानं पुसलेली असायची, मी रोज नव्यानं मारायचो. पालकांच्या ग्रुपवर फितीचे आकडे टाकले. एका वडिलांनी लिहिलं, "परीक्षा तोंडावर असताना पोरांचं मनोधैर्य खच्ची करू नका." त्यावर वीसेक जणांनी अंगठे दाखवले. त्यांच्या मुलींच्या वेळा मला पाठ होत्या. प्रत्येकीत बारा-तेरा सेकंद मिळवून मी रात्री नुसताच बसायचो. खाली अजून एक ओळ लिहिली, की घड्याळ बरोबर आहे, माझी आधीची तक्रार चुकीची होती. त्यावर कुणीच काही लिहिलं नाही.

मैदानी परीक्षेला मुलगी आठशे मीटर दोन मिनिटं बावन्न सेकंदांत पळाली. पूर्ण गुण दोन सेकंदांनी गेले. फाटकाबाहेर आली तेव्हा तिनं मनगट माझ्यापुढे केलं. घड्याळातही आठशे आणि दोन बावन्न. सेकंदाचाही फरक नव्हता.

"एक महिना आधी मोजलं असतं तर?" तिनं विचारलं.

"दोन पन्नासच्या आत आली असतीस," मी म्हणालो. खोटं सांगण्यात अर्थ नव्हता.

तिनं मनगट मागे घेतलं. मग म्हणाली, "लेखी परीक्षा आहे अजून. चला."

त्याच संध्याकाळी नवी पेठेत गेलो. दुकानदार काच पुसत होता. मी पैसे काउंटरवर ठेवले आणि घडलेलं सगळं सांगितलं, ग्रुपवरच्या माझ्या तक्रारीसकट. त्याची दोन गिऱ्हाइकं त्यामुळे गेली, तेही सांगितलं.

"मी विचारलो होतो साहेब, चारशेचं आहे हे कोण सांगितलं म्हणून," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "चहा घेणार का? या वेळेला तरी घ्या."

घेतला. तो त्यातले शंभर रुपये सूट म्हणून परत करत होता, ते घेतले नाहीत. घड्याळाचे उरलेले दोन हजार चारशे रुपये, ठरल्यापेक्षा महिनाभर उशिरा, त्याला पूर्ण दिले.