सुराखालचं अक्षर

धर्माबुवा वाशीतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात आले की आधी खुर्ची पुसत, मग कॉम्प्युटरची काच, आणि मग माझ्याकडे बघत. ह्यालाही पुसता आलं तर बरं, असा चेहरा करून.

बुवा जवळच्याच बोनकोडे गावचे. शेतांवर इमारती आल्या, गावातली पोरं बिल्डर झाली आणि बुवांनी बांधलेल्या भजनांच्या चाली शिकायला कोणी उरलं नाही. त्या आपल्यामागे राहाव्यात म्हणून त्यांना पुस्तक छापायचं होतं. माझ्याकडे नोटेशनचं एक परदेशी सॉफ्टवेअर होतं. त्यात वर सूर आणि खाली शब्द. प्रत्येक अक्षर माऊसने ओढून त्याच्या सुराखाली बसवावं लागे. सूर लांबला की शब्दाच्या मधोमध मोठी जागा सुटे.

“बुवा, दात पडल्यासारखं दिसतंय हे.”

“इंजिनीअरसायेब, ती जागा रिकामी नाय. तिथं गानं चालू हाय. तुमी कधी गायलाव का? मोरीत तरी?”

एकदा मी एक पान नीट ओळीत लावून दाखवलं. बुवा म्हणाले, “वा! अक्षरं कवायतीला उभी केलीत. शिटी कोन मारनार?”

तीन महिने आम्ही अक्षरं सरकवत होतो. शेवटी सगळी पानं तपासून बुवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले. छपाईच्या आदल्या दिवशी मला, म्हणजे ज्याला सा आणि रे मधला फरक कळत नव्हता त्याला, पुस्तक सुंदर करायची हौस आली. सगळ्या अक्षरांमधलं अंतर सारखं करणारी एक कमांड होती. ती दिली. पानं देखणी झाली. मी स्वतःवर खूश झालो.

गावदेवीच्या देवळात प्रकाशन झालं. सेक्टरमधल्या बायका पुस्तकात बघून बुवांची नवी चाल गाऊ लागल्या. पहिल्या ओळीतच एकीचा शब्द संपला, दुसरीचा सुरूच झाला नव्हता. पेटीवाला थांबला. बुवांनी पुस्तक एका डोळ्याजवळ धरलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी टोमण्याची वाट बघत होतो.

“माजीच चूक,” ते सगळ्यांना म्हणाले. “तपासलं तवा डोल्यात मोतीबिंदू व्हता. पोराची छपाई झकास हाय.”

मी समोर बसून पेढा खाल्ला.

त्यानंतर बुवा घरोघर जाऊन पेन्सिलीने एकेका प्रतीत बाण काढत राहिले: हे अक्षर त्या सुराखाली. बऱ्याच प्रती राहिल्या, बुवा गेले.

पुढच्या वर्षी त्यांची लेक दुरुस्त आवृत्तीसाठी दुकानात आली. मी अक्षरं पुन्हा एकेक करून जागेवर नेली. शेवटी ती म्हणाली, “दादा, सुरवातीला येवडं लिवा. बाबांची नजर अधू व्हती म्हनून पयल्या पुस्तकात चुका रायल्या.”

खरं सांगायला तोंड उघडलं. “कुठल्या टाइपात?” असं विचारलं.

ते वाक्य मी टाइप केलं. त्यातलं अंतर मात्र अगदी अचूक ठेवलं.