बारा वेळा आलेला अनोळखी

नवरीनं हात मागे ओढला.

डावा हात भरून झाला होता. उजव्या हाताच्या चार बांगड्या मनगटावर बसल्या होत्या आणि पाचवी अंगठ्याच्या हाडावर अडली होती. अशा वेळी हात हलला की काच फुटते. फुटली. तिच्या हाताला थोडं रक्त आलं, ते माझ्या बोटाला लागलं. मी टोपलीत फडकं शोधत होतो, तेवढ्यात तोंडासमोर मोबाईल आला.

"टोपी काढ."

लग्नघर होतं. नवा स्लॅबचा बंगला, समोर पांढऱ्या फरशीची पडवी, तिच्यावर सतरंजी. सतरंजीवर नवरी, तिच्या बहिणी, काकवा, आणि मी, बांगड्या भरणारा मन्यार. मोबाईल धरून उभा होता तो नवरीचा काका, प्रशांतभाऊ. गावात सगळ्यात जास्त जमीन याच घराची. त्याच्या मागे आणखी तिघं पुरुष बूट घालून सतरंजीवर आले होते. चुडा भरताना पुरुष तिथं थांबत नाहीत, हा या घरांचा जुना रिवाज आहे. मन्यार आला की पुरुष आपणहून बाहेर निघून जातात. त्या दिवशी ते आत आले.

"मुंडी डावीकडं कर. आता उजवीकडं. डोये नीट उघड."

मी केलं. का केलं, हे आजही मला कळत नाही. चाळिशी उलटलेला माणूस, दोन मुलांचा बाप. शाळेतल्या पोरासारखी मान फिरवली.

"हाच व्हय," प्रशांतभाऊ म्हणाला. "मॅच झाला."

आता थोडं मागचं सांगतो, नाहीतर कळायचं नाही.

मी रिसोडचा. बापही मन्यार, आजाही मन्यार. रिसोडहून एसटीनं जायचं, उतरून पायी चालायचं, एकेक गाव करायचं. लग्न होतं त्या गावात माझे वडील तीस वर्षं आले. ते थकले तेव्हा टोपली माझ्या डोक्यावर आली. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. "हाथ देखना बेटा, मुँह मत देखना." पराया धर्म, परायं घर, परायी बाई. तिचा हात आपल्या हातात असतो. नजर वर गेली की धंदा संपला.

म्हणून मला या गावातल्या बायका चेहऱ्यानं माहीत नाहीत. हातानं माहीत आहेत. सोयाबीन सोंगताना विळा लागून करंगळी वाकडी झालेली एक. दोन-चारचं माप असून बाळंतपणानंतर दोन-सहा झालेली एक. एकीच्या मनगटावर चटके आहेत, ती कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. बांगड्या भरून झाल्या की बाई मन्याराला नमस्कार करते. मी मुसलमान, तरी करते. मला ते कधी नवल वाटलं नाही, त्यांनाही नाही.

मागच्या वर्षी गावाच्या वेशीवर खांब रोवला आणि खांबावर कॅमेरा बसवला. तोंड ओळखणारा. शहरातली कुठलीतरी कंपनी आली, घरोघर फिरून माणसांचे चेहरे भरून घेऊन गेली. जो घरचा, तो गावचा. बाकी सगळे 'अनोळखी'. अनोळखी आला की गावाच्या राखणीला नेमलेल्या समितीच्या लोकांच्या मोबाईलवर टिंग वाजणार, फोटो जाणार. समितीत अकरा जण. अकराही पुरुष, प्रशांतभाऊ त्यांच्यातलाच.

मी महिन्यातून एकदा येत होतो. दर वेळी टिंग वाजत होती. मला कुठे ठाऊक? मी खांबाखालून टोपली सावरत जायचो, पाणी प्यायला हापशीवर थांबायचो.

मग त्या गावात एका घरातून सोन्याची पोत चोरीला गेली. समितीनं मशीनला विचारलं, बाहेरचं कोण कोण येतं? मशीननं यादी दिली. सगळ्यात वर मी. बारा वेळा आलेला अनोळखी.

पुरुषांनी फोटो पाहिला. एकालाही ओळखू आलो नाही. येणार कसा? मी आलो की ते बाहेर जात होते. आणि बायकांना विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. हातच्या कंकणाला आरसा कशाला म्हणतात. इथं कंकण भरणारा पडवीत बसलेला, आणि हे सगळे मोबाईलमध्ये बघत होते.

तर, पडवी. नवरीनं रक्ताचा हात पदराखाली घेतला होता. प्रशांतभाऊची आई बाजूला बसली होती. माझ्या बापानं तिला नवी सून असताना बांगड्या भरल्या होत्या. तिच्या उजव्या हाताचं हाड मोठं आहे, बांगडी तिरपी करून चढवावी लागते. ती म्हणाली, "अरे, तो आपला मन्यार व्हय. तुह्या जलमाच्या आंधीपासून याचा बाप येत होता."

"आई, तू अंदर जाय."

"पन ऐक तं खरं..."

"मशीन खोटं बोलत नाई. बारा डाव आला हा. आमी कोनीच याले वयखत नाई. जाय तू."

ती उठली. माझ्याकडे पाहिलं नाही. आत गेली.

इतकंच. मला मारलं नाही कोणी. टोपली उलटी केली, बांगड्यांच्या खाली पोत आहे का पाहायला. काच फरशीवर कशी वाजते ते ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. मग पंचायतीच्या पायरीवर बसवलं. दुपारभर. टोपी त्यांच्याकडे. प्रत्येक दारात बाई उभी होती, आणि त्या सगळ्यांचे हात मी ओळखत होतो. एक हात हलला नाही. एक तोंड उघडलं नाही.

पोलिसाला फोन लावला. तो म्हणाला, पुरावा नाही तर सोडा. सोडलं. "जाय आता," प्रशांतभाऊ म्हणाला आणि टोपी माझ्या मांडीवर टाकली. पोत कोणी नेली ते मला अजून माहीत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं, त्या दिवशी संन्याशाच्या जागी बसून पाहिलं.

मला वाटलं, संपलं. पण खरं तिथून सुरू झालं.

माझे ते तीन फोटो, समोरचा, डावा, उजवा, गावागावांच्या ग्रुपवर गेले. पार मेडशीपर्यंत. मी ज्या गावात पाय ठेवावा तिथं मी आधीच पोचलेला असायचो. टोपी नसलेला, डोळे ताणलेला, तोंडाला कोरड पडलेला तो माणूस. त्याला सगळे ओळखत होते. मला कोणी ओळखत नव्हतं. एका गावात एका बाईनं दार लावता लावता सांगितलं, "भाऊ, तुमी चांगले असान. पन घरचे म्हनतात, याले घेऊ नको." तिच्या हातात मी कमानीच्या नक्षीची बांगडी भरायचो, तिला ती आवडायची.

मी उन्हाच्या नावाखाली दुपट्टा तोंडाला बांधू लागलो. वऱ्हाडात सगळेच बांधतात, मी बांधला तर काय झालं? पण मला बांधताना चोरासारखं वाटायचं. मग दाढी उतरवली. बायको दारातच थांबली. "ये कौन आया मेरे घर में?" ती हसत म्हणाली, मग माझं तोंड पाहून पाणी आणायला वळली. बांगड्या भरून झाल्यावर बायकांना दाखवायचा छोटा आरसा टोपलीत असतो. तो मी पालथा ठेवू लागलो. खांब दिसला की मान खाली जायची. बसस्टँडवर, बँकेत, दवाखान्यात. मोबाईल कुणाचाही वाजो, टिंग, माझा हात दुपट्ट्याकडे जायचा. मला भीती वाटत होती, हे सांगायला आता लाज वाटत नाही. पोलिसाची नाही, माझ्याच तोंडाची.

दोन महिन्यांनी प्रशांतभाऊचा फोन आला. आवाज गोड. "झालं गेलं सोडून दे. गावातल्या बाया म्हनून राह्यल्या, मन्यार काहून येत नाई? येऊन रजिस्टर करून घे. भांडेवाल्यानं केलं, कुलफीवाल्यानं केलं. मंग मशीन वाजत नाई."

मी गेलो. धंदा बसला होता, खोटं कशाला बोलू. पंचायतीच्या खोलीत मला खुर्चीवर बसवलं. पुन्हा मान डावीकडे, पुन्हा उजवीकडे. या वेळी मी आपणहून वळवली, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं. मग प्रशांतभाऊनं कागद पुढे सरकवला.

"घरच्यायचे बी चेहरे लागतीन. बायको, पोरगी. तुही बायको येते ना कधी कधी बांगड्या भराले?"

"पोरगी नाई येत. ते कॉलेजात हाय."

"उद्या येईन. असू दे भरून. मोबाईलमधी काय, जागा लागते का?"

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिचा चेहरा अकरा पुरुषांच्या मोबाईलमध्ये. समोरून, डावीकडून, उजवीकडून. टिंग. या माणसांच्या बायकांकडे, सुनांकडे, लेकींकडे आम्ही बाप-लेकांनी इतकी वर्षं नजर वर करून पाहिलं नाही. हात हातात असून पाहिलं नाही. आणि हा कुलफी मागावी तसं माझ्या लेकीचं तोंड मागत होता.

मी उठलो.

"नाई देत."

"काय?"

"तिचा बी नाई देत, माह्या बायकोचा बी नाई देत. अन् माहा हाय तुमच्यापाशी, तो पुसा. आता घेतला तो, पडवीत घेतला तो, वेशीवरचे सारे. कोनाकोनाले धाडला, त्याची यादी द्या."

"तुले कोनं सांगतलं हे?"

"कोनं नाई सांगतलं. तोंड माहं हाय."

तो हसला. मग हसणं थांबलं. "मंग गावात पाय ठेवू नको. बांगड्या भरनारे लई हायत."

"असतीन. मी येनार."

बाहेर येऊन हापशीवर तोंड धुतलं. बऱ्याच दिवसांनी दुपट्टा न बांधता एसटीत बसलो.

मी चौथी शिकलेला आहे. अर्ज मुलीनं सांगितला, अक्षर माझं. माझे सगळे फोटो पुसावेत, ज्यांना पाठवले त्यांची नावं द्यावीत, मी चोर नाही हे त्याच ग्रुपवर लिहावं. तीन ओळी. एका मंगळवारी पंचायतीत घेऊन गेलो. ग्रामसेवक वाईट माणूस नाही. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, मग कपाटातून छापील फॉर्म काढला. "काका, याच्यावर उतरवा. अन् इथं फोटो चिकटवा."

वर उजव्या कोपऱ्यात चौकोन होता. मला आधी हसू आलं, मग डोकं तडकलं. मी पेन घेतला आणि चौकोनात लिहिलं: फोटो देणार नाही.

"असा अर्ज घेता येत नाई, काका."

"मंग घेत नाई म्हनून लिहून द्या."

त्यानं लिहून दिलं नाही. मी बाकावर बसलो, ऑफिस बंद होईपर्यंत. पुढच्या मंगळवारी पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्याही. येताना-जाताना मशीन वाजतं, वाजू दे. प्रशांतभाऊ दारातून बघतो, बघू दे. एकदा त्याची आई रस्त्यात समोर आली, मान खाली घालून बाजूनं निघून गेली. मी तिला हाक मारली नाही. तिची कीव मला नको, आणि आता तिची माफीही नको.

आज सातवा मंगळवार. तोच फॉर्म, तोच चौकोन, तेच तीन शब्द. ते अर्ज घेत नाहीत, मी परत नेत नाही, टेबलावर ठेवून येतो. सात झालेत. ते माझे फोटो पुसतील त्या दिवशी थांबेन. त्याआधी नाही.