इंगोले सरांचं लिव्हर

अमरावतीत पीएचडी करणारे चार जण चहाला बसले की आपापल्या गाइडवर घसरतात आणि चहा थंड होतो. माझ्याकडे इंगोले सरांचे किस्से इतके साचलेत की मी आधी चहा पिऊन घेतो.

आमच्या लॅबचा विषय सोपा करून सांगतो. लिव्हरमध्ये पहारेकरी पेशी असतात. रक्तातून जंतू आला की त्या त्याला गिळतात. त्यासाठी भराभर साखर जाळतात, जंतू मारायला जहाल ऑक्सिजन सोडतात. तो जास्त झाला की लिव्हरच पोळतं. प्रोजेक्ट इंगोले सरांच्या नावावर. काम करायची वर्षा, हिवरखेडची, माझ्या शेजारच्या टेबलावर.

पेशी वाढवायचं नवीन कपाट आलं. आत एकही जंतू राहू नये म्हणून वर्षानं ते स्पिरिटनं पुसून काढलं. मग सरांनी उद्घाटन केलं. कपाटाच्या आत उदबत्ती लावली, नारळही तिथंच फोडला. पुढे पेशींच्या प्लेटांवर बुरशी चढली तेव्हा सर म्हणाले, "तुमी पोरं हात धुवून नाही राहिले."

एकदा सर मायक्रोस्कोपमध्ये डोकावले. वर्षानं काही पेशींना मुद्दाम साखर दिली नव्हती. उपाशीपोटी त्या जंतूशी कशा लढतात, तेच बघायचं होतं. सरांना त्या मरतुकड्या दिसल्या. म्हणाले, "यायले बी देऊन टाक साखर. कमिटीले साऱ्या सारख्या दिसल्या पाहिजे." तिनं समजावून पाहिलं, सरांनी ऐकलं नाही. शेवटी प्रोजेक्ट तपासणारी कमिटी येऊन जाईपर्यंत तिनं त्या प्लेटा दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये लपवल्या.

मोर्शीला संत्रा बागायतदारांचा मेळावा होता. सरांनी भाषणात ठोकून दिलं, की संत्र्यानं लिव्हरचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे तेच पोळणं, जातो आणि हे आमच्या लॅबमध्ये सिद्ध झालंय. एका बागायतदारानं विचारलं, रोज किती खायचे? सरांनी माईक वर्षाकडे सरकवला. ती म्हणाली, "आमी आतापावतर कोनालेच संत्रं देलं नाही." परतताना भेट मिळालेली संत्र्यांची पेटी मात्र सरांच्याच घरी उतरली.

वर्षाचा थीसिस सहीसाठी सरांच्या टेबलावर पडून होता. विचारलं की सर म्हणायचे, "वाचून राहिलो." तिची अकोल्याच्या कॉलेजातली नोकरी त्या सहीवाचून अडली होती. सही शेवटी झाली, आज ती अकोल्यात शिकवते. पण त्याच्या आधी सर आजारी पडले.

इन्फेक्शन लिव्हरपर्यंत गेलं होतं. वर्षा आणि मी दवाखान्यात गेलो तेव्हा सरांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं आणि ते पार घाबरले होते. वर्षाला म्हणाले, माझ्या पोटात काय चालू आहे ते साध्या शब्दांत सांग.

वर्षा स्टुलावर बसली. पहारेकरी पेशी, त्यांची साखर, त्यांनी सोडलेला ऑक्सिजन, त्यात पोळणारं लिव्हर, सगळं तिनं शांतपणे सांगितलं. सरांनी फोन बाजूला ठेवून ऐकलं. हे पोळणं थांबवता येतं का, असंही विचारलं. ती म्हणाली, तेच शोधणं चालू आहे.

सरांनी उशीवरून मान उचलली.

"लय मोठं काम आहे, पोरी. कोन करून राहिलं हे?"

"तुमीच, सर."