शालूच्या गाडीचे मास्तर

मास्तरांनी कुठल्याही गाडीचं तोंड कधी पाहिलं नाही. सातपूरला त्यांच्या शेडसमोर गाडी थांबली की ते सरळ मागे जायचे, चाकांपाशी उकिडवे बसायचे आणि तिथूनच बोलायला लागायचे. "तोंडाला काय, समदेच पावडर लावतात," म्हणायचे. गिऱ्हाइकंही त्यांना गाडीच्या पाठीवरूनच ओळखू यायची. एकदा मी मोटारसायकलवरून जाताना रामराम घातला, तर विचारतात, "कोन आपन?" माझ्या पिकअपचा विषय काढल्यावर मात्र घरातल्या एकेकाची चौकशी सुरू झाली.

गाडीचं ओझं पेलणाऱ्या मागच्या कमानींचे पोलादी पाटे ठोकणं, बदलणं, जुळवणं हे त्यांचं काम. त्यात आपण मास्तर आहोत हे दुसऱ्या कुणी सांगायची त्यांनी कधी वाट पाहिली नाही. "नाशकात माझ्यासारखा पाट्याचा दुसरा मानूस दाखव, आत्ताच्या आत्ता शेडला कुलूप लावतो!" विनय या गोष्टीशी त्यांची तोंडओळखसुद्धा नव्हती. कुलूप मात्र कधी लागलं नाही, हेही खरं.

आमचा धंदा वरातीच्या घोडीचा. वडील गेल्यावर मी आणि आई मिळून तो चालवत होतो. शालू आमची पांढरीशुभ्र घोडी. बँड कानाशी वाजला तरी पापणी हलवायची नाही. तिला लग्नाच्या गावी न्यायला आमच्याकडे पिकअप होती. घोडी उभी राहिली की वजन सगळं वर, आणि वळणावर गाडी एका अंगाला कलायची. एकदा उतारावरच्या वळणात शालू हौद्यात गुडघ्यांवर पडली. दुसऱ्या दिवसापासून गाडी दिसली की ती चारी पाय रोवून उभी राहायची.

आमच्या भागात यावर एकच शहाणपण चालतं. गाडी डुलते? पाटे वाढवा. नामपूरच्या बाजारात कांद्याच्या गाड्यांना घालतात तसले जाड पाटे मीही घालून आणले. पण कांद्याच्या ओझ्याखाली दबणारे ते पाटे एका घोडीच्या वजनाला कशाला दाद देतात? गाडी प्रत्येक खड्ड्यावर करडासारखी उड्या मारू लागली. शालूला मोठ्या मिनतवारीने एकदा चढवली, तर तिने लाथांनी फळ्या फोडल्या.

मग नामपूरच्या एका घोडीवाल्याचा आईला फोन आला. घोडी विकायची असेल तर सांगा, म्हणाला. आईने त्याला लगेच नाही म्हटलं नाही, तेव्हाच मी समजलो. "गाडीत न चढनारी घोडी दारात बांधून काय पूजा घालायची?" ती मला म्हणाली, आणि मग बराच वेळ शालूच्या अंगावरून खरारा फिरवत राहिली. इगतपुरीच्या एका लग्नाची सुपारी घेतलेली होती. तेवढं लग्न निभावलं तर ठीक, नाहीतर शालू नामपूरला जाणार, असं ठरलं.

मी गाडी सातपूरला नेऊन शालूचं सगळं सांगितलं. मास्तरांनी गाडीची पाठ पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अरे, कांद्याची गाडी केलीस की हिची!" मग इस्त्रीचा सदरा सावरत ते हौद्यात चढले, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "चल." पहिल्याच वळणावर ते फळीवर जाऊन आदळले. मी घाबरून थांबलो. "मास्तर, धरा की कशाला तरी!"

"शालूला हात हायेत का?" ते ओरडले. "चालव!"

असे ते सातपूरभर पडत, उठत, शिव्या देत फिरले. शेडमध्ये परतल्यावर त्यांनी मी घातलेले जाड पाटे काढून कोपऱ्यात फेकले. जुने पाटे ठोकून त्यांना पुन्हा कमान दिली, मध्ये एक लांब आणि पातळ पाटा घातला. सैल झालेले रबरी बुश आणि शॉकॲब्सॉर्बर बदलले. दोन्ही बाजूंना जोडणारी एक आडवी दांडी बसवली, म्हणजे वळणावर एक बाजू दबली की दुसरी तिला सावरून धरेल. प्रत्येक बदलानंतर स्वारी पुन्हा हौद्यात, हात पाठीमागे. शेवटच्या फेरीला ते चौकातून वळताना मला आरशात दिसले: ताठ उभे, मिशीला पीळ देत. "ताठ पायजे, पन ताठर नको," ते खाली उतरून म्हणाले. "सुनेसारखी सासूपन असावी लागते गाडीला." या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण गाडी सुधारली होती.

मास्तर आता नाहीत. त्यांच्या शेडच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, आणि तिकडून जाताना मला अजून गलबलून येतं. पण ते मला आठवतात ते इगतपुरीला निघालो त्या सकाळचे. आमच्या दारात ते न बोलावता हजर झाले, गुळाचा खडा घेऊन आधी स्वतः हौद्यात चढले आणि शालूशी गप्पा मारत बसले. ती पाय रोवून उभी. आम्ही कुणी दोरी ओढली नाही. बऱ्याच वेळाने तिने एक पाय चढायच्या फळीवर ठेवला, पुढे येऊन गूळ खाल्ला आणि तिथेच उभी राहिली.

वाटभर मास्तर तिच्याजवळ होते. पाऊस कोसळत होता, समोरचं धड दिसत नव्हतं, आणि प्रत्येक वळणाला माझे कान मागे लागलेले. इगतपुरीच्या अलीकडे केबिनच्या मागच्या काचेवर धाडधाड आवाज झाला. गाडी बाजूला घेऊन मी मागे धावलो. ओलेचिंब मास्तर दोन्ही हात वर करून हौद्यात नाचत होते. शालू एक मागचा पाय सैल सोडून, मान खाली घालून, डोळे मिटून उभी होती.

"डुलकी घेतीय रे!" मास्तर कुजबुजले. "या वळनावर डुलकी घेतीय!"

मी तिथेच भर पावसात आईला फोन लावला. शालू गाडीत डुलकी घेतेय, एवढंच सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "ठेव फोन. मला नामपूरला लावायचाय. घोडी विकायची नाय म्हनून सांगते."