चार साखळ्या, सहा आणे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. रविवारी देवळात सगळ्यांबरोबर पापांची कबुली देताना माझेही ओठ हलतात, पण ही एक गोष्ट तिथेही गिळतो. तुम्हाला का सांगतोय? — मलाही नीट माहीत नाही.

मी नगरच्या एमआयडीसीत इन्स्पेक्शनला आहे. उमेदीची सगळी वर्षं मापं घेण्यात गेली. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवणारा माणूस, अशी माझी ख्याती. ती मला आवडायची. खूप आवडायची. सुरुवात तिथूनच करायला हवी.

माझी रेबेकाआत्या जामखेड रस्त्यावरच्या एका खेड्यात दिली होती. पहिली मुलगी झाली आणि आठवडाही न काढता गेली. बाळंतिणीला कबरस्तानात कोण नेणार? तिचे सासरे मोजणी खात्यात साखळी ओढायचे. पुरून आल्यावर त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं — फाटकाच्या उजव्या खांबापासून, भिंतीच्या कडेनं, चार साखळ्या सहा आणे. दुसरं सांत्वन त्यांना येत नसावं. लगोलग नवऱ्याला कोपरगावला साखर कारखान्यात नोकरी लागली. पुन्हा मूल झालं नाही, आणि नवऱ्याला त्या गावाचं नावही नको असायचं. आत्यानं ते माप तेवढं बायबलातल्या वचनासारखं पाठ ठेवलं.

नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. ट्रंक खाली ठेवली न ठेवली तोच म्हणाली, "विल्सन, तू मोजायचंच काम करतोस ना? माझी पोर कुठं हाय तेवढं मोजून दे."

मी तिला त्या कबरस्तानात नेऊन मोजून दिलं. डिप्लोमाच्या पुस्तकात साखळी सहासष्ट फुटांची होती. तिचे सोळा आणे धरले. दोनशे अठ्ठ्याऐंशी फूट, नऊ इंच. लाकडी क्रूस कधीच कुजून गेले होते, सगळीकडे बाभळी. टेप जिथे संपला तिथे जमीन जरा उंच वाटली — का मलाच ती उंच वाटायला हवी होती?

"एवढ्या लांब?" आत्या म्हणाली. "मामंजी तर म्हनले हुते, फाटकातनं हाक मारली तरी पोरीला ऐकू जाईल."

मी हसलो. "आत्या, मी रोज मायक्रॉन मोजतो. इथे सुताचाही फरक निघायचा नाही." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"व्हय बाबा, तू लई शहाना," म्हणाली, आणि गुडघ्यांवर बसली. तळहातानं माती चाचपत राहिली, झोपलेल्या मुलाचं अंग तापलंय का बघावं तशी.

मग दर महिन्याला मी तिला स्कूटरवर न्यायचो. ती शेवंती ठेवायची आणि बोलत बसायची — भाजीचे भाव, शेजारणीची सून, कोपरगावची गोदावरी कशी फुगायची. एकदा ऐकलं, "ह्यो तुझा दादा बरं का. ह्योच आनतो मला. लई गुनाचा हाय." मी बाभळीखाली उभा होतो. सुख वाटलं होतं मला.

पुढे प्लॉट घ्यायचा म्हणून शहराबाहेर गेलो. गुंठा तेहेतीस बाय तेहेतीसच का, असं मोजणीवाल्याला सहज विचारलं. तो म्हणाला, "साहेब, आपल्याकडची जुनी साखळीच तेहेतीस फुटांची. सोळा आण्यांची. एक साखळी चौरस म्हणजे गुंठा."

त्याच दुपारी एकटा गेलो. एकशे चव्वेचाळीस फूट, चार इंच, चार सूत. बरोबर निम्मं. गवत उपटलं, माती खरवडली. खाली हद्दीला पुरतात तसा दगड होता, लहानसा, वर टाकीनं कोरलेला क्रूस.

आत्या जिवंत होती तेव्हा. घरी गहू निवडत होती. मी जाऊन सांगायचं, दुसऱ्या दिवशी तिला घेऊन यायचं — एवढंच तर होतं ना? काय गेलं असतं माझं? ती रागावलीही नसती. पण मी म्हणजे कधी न चुकणारा. मी माती पुन्हा दगडावर सारली. वर गवत टाकलं.

पुढच्या महिन्यात तिला स्कूटरवर बसवलं आणि त्या दगडाजवळून चालवत पुढे नेलं. मग त्याच्या पुढच्या महिन्यात. ती वाकून बोलायची, आणि मला वाटायचं, निदान थोडं मोठ्यानं बोल गं.

शेवटच्या आजारात तिनं माझा हात धरून मागितलं, मला पोरीशेजारी ठेव. तेव्हाही सांगता आलं असतं. मी "हो" म्हणालो. खुंट्या मीच ठोकल्या, त्या चुकीच्या जागी. पाळक म्हणाले, आता मायलेकी एकत्र आहेत. लोक रडले. मीही रडलो, आणि ते रडणं खरं होतं — त्यानं काय फरक पडतो?

आता आत्याच्या कबरीवर मी शेवंती घेऊन जातो. जाताना वाटेत तो दगड लागतो. तिथे थांबावंसं वाटतं. आत्या पोरीला जे जे सांगायची ते मला आठवतं, ते सगळं बसून तिला सांगावंसं वाटतं. पण आसपास कुणी ना कुणी असतं, आणि मी पुढे जातो. तिथे एक मूल आहे हे आता माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही.